अनिकेत: ज्याचा 'कायमचा पत्ता' कुठल्याच फॉर्ममध्ये मावत नाही



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १९. सोबत याच श्लोकावरच्या ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. जमलं तर आधी पोथी उघडून (किंवा मोबाईलवर का होईना) मूळ वाचा आणि मग पुढे या. लोकलमध्ये असाल तर कल्याण ते ठाणे एवढ्या वेळात आरामात होतं.

आपल्याकडच्या प्रत्येक सरकारी फॉर्मवर दोन रकाने असतात. सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. पहिला आपण पटकन भरतो. दुसऱ्यापाशी पेन जरा थांबतं. शहाडमध्ये जन्मलेला, इथेच शिकलेला, इथेच ईएमआय भरणारा माणूससुद्धा तिथे गावाचं नाव लिहितो. त्या गावात तो वर्षातून चार दिवस जातो, जत्रेला नाहीतर लग्नाला. आणि गावात गेला की लोक विचारतात, "मुंबईहून कधी आलात?" इथे विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" म्हणजे दोन्हीकडे आपण पाहुणेच.

परदेशात असलेल्या वाचकांना हे जास्तच कळेल. मला येणाऱ्या मेल्समध्ये नोकरी आणि लग्न यांच्या खालोखाल हाच प्रश्न असतो: दादा, इथे सगळं आहे, पण इथला वाटत नाही, आणि आता तिथलाही राहिलो नाही. मग मी कुठला?

आजच्या श्लोकात या प्रश्नासाठी एक शब्द आहे. अनिकेत.

शब्द नीट बघूया

निकेत म्हणजे घर, राहण्याची जागा. अनिकेत म्हणजे ज्याला तसं घर नाही असा. बाराव्या अध्यायात तेराव्या श्लोकापासून भगवंत आपल्याला आवडणाऱ्या भक्ताची लक्षणं सांगतात. कुणाचा द्वेष न करणारा, सुखदुःखात सारखा, वगैरे. एकोणिसाव्या श्लोकात यादी येते: निंदा आणि स्तुती ज्याला सारखी, मोजकं बोलणारा, जे मिळेल त्यात समाधानी, अनिकेत, आणि त्याला लागूनच पुढचा शब्द, स्थिरमती.

हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घर नाही, पण बुद्धी स्थिर. आपलं बहुतेकांचं नेमकं उलट असतं. घर स्थिर, वीस वर्षांच्या कर्जाने जमिनीत रोवलेलं, आणि मन मात्र सतत दुसरीकडे. शहाडात असताना गावात, गावात असताना ऑफिसच्या मेलमध्ये, परदेशात असताना आईच्या स्वयंपाकघरात.

अनिकेत म्हटलं की आपल्याला संन्यासी आठवतो. भगवी वस्त्रं, झोळी, आज इथे उद्या तिथे. पण हा शब्द कोण कुणाला सांगतंय ते बघा. ऐकणारा अर्जुन आहे. बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास भोगून आलेला. इंद्रप्रस्थ हातातून गेलेलं. कृष्ण स्वतः शिष्टाईला गेले, पाच गावं तरी द्या म्हणाले, दुर्योधनाने तीही नाकारली. अशा माणसाला, जो आपल्या हक्काच्या भूमीसाठी रणांगणात उभा आहे, त्याला भगवंत अनिकेत व्हायला सांगतायत. आणि त्याच वेळी रथातून उतर, जमीन सोडून दे, असं सांगत नाहीत. म्हणजे घर मिळवू नका, घरावर हक्क सांगू नका, असा या शब्दाचा अर्थ लावता येत नाही.

आणि सांगणारा कोण? जन्म मथुरेत, वाढला गोकुळात, गोवर्धनाच्या कुशीत गाई राखल्या, मग पुन्हा मथुरा. जरासंधाच्या स्वाऱ्या थांबेनात तेव्हा सगळ्या यादवांना घेऊन थेट समुद्रकाठी द्वारका वसवली. डोंगराच्या पायथ्याचं गाव सोडून समुद्राच्या देशात गेलेला हा माणूस आहे. स्थलांतर म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

माऊली काय म्हणतात

या एका शब्दावर ज्ञानेश्वर महाराजांनी वाऱ्याचा दृष्टांत दिलाय. वाऱ्याचं एका ठिकाणी बिऱ्हाड नसतं, पण म्हणून तो बेघर आहे का? सगळं आकाश ही त्याची वस्ती. तसा हा भक्त. अवघं जग त्याला विसाव्याची जागा. आणि पुढे ते सांगतात की सारं विश्व आपलं घर आहे ही ज्याची बुद्धी ढळत नाही, तो स्थिरमती. म्हणजे श्लोकात शेजारी असलेले दोन शब्द माऊलींनी एकमेकांत गुंफले. बुद्धी स्थिर कशात करायची, तर याच जाणिवेत.

आता हे कुठे आणि कोणी सांगितलं ते आठवा, कारण त्याशिवाय या ओव्यांचं वजन कळत नाही. घराणं मूळचं पैठणजवळच्या आपेगावचं. वडील विठ्ठलपंत आळंदीत आले. संन्यास घेऊन पुन्हा संसारात परतले म्हणून गावाने वाळीत टाकलं. संन्याशाची मुलं म्हणून चार भावंडांना जातीत जागा नाही, मुंज नाही. आईवडिलांनी देहांत प्रायश्चित्त घेतलं, तरी नाही. मग आळंदीच्या शास्त्र्यांनी सांगितलं, पैठणहून शुद्धिपत्र आणा. ही पोरं चालत पैठणला गेली. तिथून नेवाशाला आली, आणि प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. परंपरेप्रमाणे तेव्हा माऊली पंधरा वर्षांचे. ज्या खांबाला टेकून त्यांनी ती सांगितली तो पैसाचा खांब आजही नेवाशात आहे.

ज्या मुलाला स्वतःच्या गावात राहायला कागद मागितला गेला, त्याने सांगितलं की विश्व हेच घर. हे सुखवस्तू माणसाचं तत्त्वज्ञान नाहीये. दारं बंद झाल्यावर सुचलेलं आहे. आणि त्यात कडवटपणा नाही. ग्रंथाच्या शेवटी जे मागणं मागितलं, त्यात आळंदीकरांची तक्रार नाही; दुष्टांचा दुष्टपणा जावो आणि सगळ्यांची एकमेकांशी मैत्री होवो, एवढंच आहे.

आपल्या दारावरून जाणारा रस्ता

शहाडच्या पुलावरून जो रस्ता मुरबाडकडे जातो, तो आपल्यासाठी ट्रॅफिकचा रस्ता आहे. पण तोच पुढे माळशेज घाट चढतो, ओतूर, आळेफाटा करत नगरला (आता अहिल्यानगर) पोचतो. ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. आळ्याला त्या रेड्याची समाधी आहे, ज्याच्या तोंडून वेद वदवल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आणि नगरहून पुढे नेवासं. म्हणजे आजच्या ओव्या जिथे सांगितल्या गेल्या तिथला रस्ता आपल्या रिक्षा स्टँडवरून जातो. मला हे कळलं तेव्हापासून त्या पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये थोडा कमी राग येतो. थोडाच.

या घाटांनी माणसं दोन हजार वर्षं खाली उतरतायत. माळशेजच्या जवळचा नाणेघाट सातवाहनांच्या काळातला. वर गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे, आणि घाटमाथ्यावर तो दगडी रांजण, ज्यात जकात जमा व्हायची असं सांगतात. वर जुन्नर, खाली कल्याण बंदर. आपल्या भाषेत घाटाच्या वरच्या मुलखाला 'देश' म्हणतात आणि खालच्याला कोकण. म्हणजे जुन्नरचा माणूस कल्याणला आला की तो अक्षरशः देश सोडून येत होता. भातशेतीचं पाणी वेगळं, बोली वेगळी, हवा चिकट.

माझे आजोबा असेच आले. गाव माळशेजच्या माथ्यावर, खुबी फाट्यावरून आत, हरिश्चंद्रगडाच्या बाजूला. पावसाळ्यात चार महिने ढग घरात शिरायचे, आणि जमीन एवढी की भात दिवाळीपर्यंत पुरायचा. साठच्या दशकात ते एका पिशवीत दोन कपडे आणि तुळशीची माळ घेऊन घाट उतरले. शहाडला रेयॉन कंपनीत लागले. चाळीत एका खोलीत गाववाले नऊ जण, पाळ्यांनुसार झोपायचे.

चाळीत दर एकादशीला भजन असायचं. आजोबांचा आवाज चांगला होता, गावात ते चाल सांगायचे. पण इथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. मंडळ आधीपासून जमलेलं, टाळ मोजके, बसण्याच्या जागासुद्धा ठरलेल्या. आजोबा मागे दाराशी बसायचे. कुणी टाळ दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही. भजन संपलं की सगळे चहाकडे वळायचे, तेव्हा आजोबा सतरंजी झटकायचे, घडी घालायचे, कोपऱ्यात ठेवायचे. पुढच्या एकादशीला सगळ्यांच्या आधी येऊन ती अंथरायचे. दोन वर्षं हे चाललं. मग एकदा त्यांना रात्रपाळी लागली, ते आले नाहीत, आणि त्या दिवशी सतरंजी कुठे असते हे कुणालाच माहीत नव्हतं! पुढच्या वेळी बुवांनी त्यांना हाक मारून पुढे बसवलं.

आजी ही गोष्ट हसत सांगायची. आजोबा मात्र एवढंच म्हणायचे की मी दोन वर्षं काही वाट बघत नव्हतो, सतरंजी घालत होतो. माझ्या मते स्थिरमती म्हणजे हेच. टाळ मिळेपर्यंत आपण परके, आणि मिळाला की आपले, असा हिशोब त्यांनी मांडलाच नाही. पहिल्या एकादशीपासून ते भजन त्यांचंच होतं. इतरांना ते दोन वर्षांनी कळलं.

शेवटी आजारी पडले तेव्हा घरात मोठा प्रश्न उभा राहिला. आमच्याकडे दहावा गावाला करायची रीत. भावकी वर आहे, नदी तिथली, मान तिथला. आजोबांनीच वडिलांना जवळ बोलावून सांगितलं, "माझं इथंच करा, उल्हास नदीवर. इथली माणसं चालत येतील." भावकी नाराज झाली. पण दहाव्याला घाट उतरून दोन गाड्या आल्या, आणि चाळीतली माणसं खरोखर चालत आली. पन्नास वर्षांपूर्वी जो 'देश' सोडला, त्याचा उत्तराधिकारी कोण हे त्यांनी त्या एका वाक्यात ठरवून टाकलं. गावावर त्यांचं प्रेम कमी होतं असं कुणी म्हणू शकणार नाही. दर वर्षी हिरड्याच्या दिवसांत त्यांचा जीव वर लागायचा. तरी त्यांचं मन दोन्हीकडे फाटलेलं नव्हतं.

रुळांच्या पलीकडे

शहाड स्टेशनच्या पलीकडे गेलात की उल्हासनगर. आज आपण तिथे कपडे नाहीतर फर्निचर घ्यायला जातो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवलं होतं. नाव 'कल्याण कॅम्प'. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हासनगर हे नाव मिळालं, आपल्याच उल्हास नदीवरून. आजोबांना परत जायला निदान गाव होतं. या माणसांना तेही नव्हतं. सिंधू मागे राहिली, म्हणून त्यांनी झुलेलालांची पूजा उल्हासच्या काठी मांडली. आजही चाळीस दिवसांचं चालिहा व्रत तिथे पाळलं जातं. विचार करा, ज्याची आराध्यदेवताच नदीतली आहे, त्याने नदी बदलली आणि देव तोच ठेवला. अनिकेत आणि स्थिरमती हे दोन शब्द एकत्र कसे नांदतात, याचा वस्तुपाठ आपल्यापासून पाच मिनिटांवर आहे.

आणि नवा देश?

आता समुद्रापलीकडच्या वाचकांसाठी. ठाण्यात १८७९ साली बांधलेलं ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर आहे, शार हाशामायिम. आपले बेने इस्राएल. कोकणातल्या गावांत शतकानुशतकं राहिलेले, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जाणारे. रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी त्यांची आडनावं. गावाचं नाव अंगावरच घेऊन फिरणारी माणसं. त्यांनी आपल्या धर्मकथांवर मराठीत कीर्तनंसुद्धा केली.

१९४८ नंतर त्यांच्यातले हजारो जण इस्राएलला गेले. रोजच्या प्रार्थनेत ज्या भूमीचं नाव घेतलं, तिथे. आणि तिथे काही धर्मगुरूंनी विचारलं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? लग्न लावायचं तर आधी वंशाची चौकशी. पैठणचं शुद्धिपत्र आठवलं ना? या माणसांनी आंदोलन केलं, जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांनी हक्क मागितला, आणि बरोबर केलं. अनिकेत असणं म्हणजे अन्याय गिळून गप्प बसणं नव्हे. अर्जुनालाही ते सांगितलं नव्हतं. पण तो ठराव येण्याआधीही ते एलियाहू नबींच्या नावाने मलिदा करतच होते, पोहे, गूळ, खोबरं घालून, जसा कोकणात करायचे. ठरावाने त्यांना कायदेशीर जागा मिळाली. आपण कोण आहोत हे त्यांना त्याआधीही माहीत होतं. कागदासाठी भांडायचं, जरूर भांडायचं. पण कागद येईपर्यंत स्वतःला अर्धवट समजायचं नाही.

माझा चुलत भाऊ जर्मनीत श्टुटगार्टला असतो. पहिल्या हिवाळ्यात रोज फोन करायचा. ऑफिसमध्ये सगळे चांगले, पण पाच वाजले की सगळे आपापल्या घरी. बिल्डिंगमध्ये कुणी बोलायचं नाही. एक दिवस त्याच्या दाराला एक पाटी लटकवलेली दिसली. घाबरला, वाटलं दंड वगैरे असेल. चौकशी केली तर कळलं, तिथे 'केरवोखे' नावाची पद्धत आहे. बिल्डिंगचा जिना आणि समोरचा भाग झाडायची दर आठवड्याला एकेका घराची पाळी. ज्याच्या दारावर पाटी, त्याची पाळी. त्यांच्या भाषेत झाडण्याला जो शब्द आहे, तो आपल्या 'केर' सारखाच ऐकू येतो. भाऊ म्हणाला, दादा, सात हजार किलोमीटरवर येऊन केरच काढतोय!

पण त्याने तो जिना नीट झाडला. कोपऱ्यांसकट, आजीने शिकवल्यासारखा. त्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पहिल्यांदा त्याच्याशी दोन वाक्यं बोलली. आज त्या गावाला गेल्या की किल्ली त्याच्याकडे असते. त्याच्या व्हिसाचं अजून पक्कं नाही. पण जिना त्याचा आहे. सतरंजी असो नाहीतर जिना, जागा आपली होण्याची सुरुवात तिथून होते.

वीट

आता श्लोकाची दुसरी बाजू, जी आपण वाचताना सहसा विसरतो. सगळं विश्व माझं घर असेल, तर त्या घरात येणारा दुसरा माणूस माझा कोण? घर माझं म्हटलं की आल्यागेल्याला बघणंही माझंच काम झालं.

शहाडला बिर्ला मंदिरात आपण विठ्ठलाचं दर्शन घेतो. त्याच्या पायांकडे बघितलंय नीट? तो विटेवर उभा आहे. कथा आपल्याला पाठ आहे. देव द्वारकेहून आला. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत. हातातलं काम सोडता येईना, म्हणून त्याने जवळची वीट पुढे सरकवली, यावर जरा थांबा म्हणाला. संतांनी विठ्ठलाला प्रेमाने 'कानडा' म्हटलंय. म्हणजे आपलं हे दैवत बाहेरून आलेलं आहे, हे महाराष्ट्राने कधी लपवलं नाही. आणि त्याला सुरुवातीला मिळाली किती जागा? एका विटेएवढी.

या कथेत देवाने मान कमी पडला म्हणून रागावून निघून जायला हवं होतं. तो गेला नाही. मिळाली तेवढ्या जागेवर दोन्ही पाय जुळवून, कमरेवर हात ठेवून, शांत उभा राहिला. नव्या देशात गेलेल्या माणसाने हे ध्यान डोळ्यांपुढे ठेवावं. पण पुंडलिकाकडेही बघा. त्याच्याकडे वेळ नव्हता, सिंहासन नव्हतं, कदाचित बसायला पाटही नव्हता. तरी त्याने येणाऱ्याला चिखलात उभं ठेवलं नाही. हाताशी होती ती वीट दिली.

आयुष्यात आपण कधी विठ्ठलाच्या जागी असतो, कधी पुंडलिकाच्या. अडचण अशी आहे की आपण नवे असतो तेव्हाची आठवण आपल्याला लख्ख असते, आणि कुणाला तरी वीट द्यायची पाळी आपली असते ते लक्षातच येत नाही.

तुमच्या सोसायटीच्या गेटवर रात्री कोण बसतो? आपल्या कल्याण-डोंबिवली पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी तो नेपाळचा असतो. अछाम, डोटी, बाजुरा, अशा पश्चिमेकडच्या डोंगरी जिल्ह्यांतला. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला व्हिसा लागत नाही, पण देश त्याच्यासाठी नवाच असतो. डोंगरातलं गाव, उतारावरची थोडीशी शेती, घरी पुरेल एवढं पिकत नाही म्हणून खाली उतरलेला माणूस. ओळखीचं वाटतंय ना? माझ्या आजोबांची आणि त्याची गोष्ट एकच आहे. त्याच्या प्रवासाला एक सीमा जास्त लागली, इतकंच.

आपण घटस्थापनेला घटात धान पेरतो. त्याच्या घरीही त्याच दिवशी जव पेरतात, त्या अंकुरांना जमरा म्हणतात. दसऱ्याला थोरांच्या हातून दही, अक्षता आणि कुंकवाचा टिळा लावून घेतात. त्या दिवशी आपण सोसायटीत एकमेकांना आपट्याची पानं देतो, आणि तो गेट उघडत असतो. टिळा लावायला त्याचं कुणी थोरलं जवळ नसतं. एका विटेएवढी जागा म्हणजे काय, हे इथे कळेल. आपल्या घरातल्या आजोबांनी त्याला कपाळाला बोट लावून आशीर्वाद दिला, तर त्याला किती जागा लागते? पण माणूस त्यावर वर्षभर उभा राहू शकतो.

आजचा अभ्यास

तीन छोट्या गोष्टी. तिन्ही जमायलाच हव्यात असं नाही, एक केली तरी पुष्कळ.

१. अनिकेत आणि स्थिरमती हे दोन शब्द आज दिवसभर सोबत ठेवा. मन इथून तिथे पळालं, गावात, परदेशात, जुन्या घरात, की नामस्मरण करत त्याला परत आणा. गावाची आठवण येणं चूक नाही. आठवण आली की आत्ताची जागा परकी वाटू लागते, तेवढं सांभाळायचं.

२. जिथे तुम्ही नवे आहात, मग ते ऑफिस असो, सासर असो, शहर असो किंवा देश, तिथली एक 'सतरंजी' शोधा. कुणी न सांगितलेलं, सगळ्यांच्या उपयोगाचं, लहानसं काम. ते या आठवड्यापासून करा, आणि कुणाला सांगू नका.

३. जिथे तुम्ही जुने आहात, तिथे कुणाला तरी वीट द्या. नाव विचारा. त्याच्या गावाचं नाव विचारा आणि ते नीट उच्चारा. "मूळचे कुठले?" हाच प्रश्न, पण विचारून झाल्यावर थांबून उत्तर ऐका. मग तोच प्रश्न समोरच्याला वेगळा ऐकू येतो.

प्रार्थना

हे पांडुरंगा, तू स्वतः दूरवरून आलास आणि एका विटेवर आमचा झालास. जे आज गाव सोडून निघालेत, घाट उतरतायत, विमानतळावर रांगेत उभे आहेत, त्यांची बुद्धी स्थिर ठेव. जे पोचले आहेत त्यांना जुन्या वाटा विसरू देऊ नकोस. आणि आमच्या दाराशी कुणी आलं, तर आमचे हात कितीही कामात असोत, वीट सापडू दे.

उद्या याच अध्यायातला शेवटचा, विसावा श्लोक घेऊ. तोपर्यंत कुणाकुणाला वीट दिलीत किंवा कुणी तुम्हाला दिली, ते नक्की कळवा.

राम कृष्ण हरी. 🙏